अर्धवेळ आई मिळेल

जगातली प्रत्येक मोठी चळवळ एका साध्या, काळजाला भिडणाऱ्या वाक्यापासून सुरू होते. नागपुरात मात्र ते वाक्य आधी सहा बाय तीनच्या फ्लेक्सवर मावावं लागतं.

वंदना गभणे आणि वैभवी झाडे यांचं वाक्य होतं, 'आईसाठी अर्धवेळ काम मिळेल.' वाक्य चार शब्दांचं असलं तरी त्यामागे दोन वर्षांची पायपीट होती. शहरात एम.कॉम. झालेल्या, इंजिनिअर झालेल्या, चांगल्या नोकऱ्या केलेल्या बाया पोर झालं म्हणून घरी बसल्या होत्या. कंपन्यांना सकाळी नऊ ते रात्री सातपर्यंत माणूस हवा होता, आणि या बायांकडे सकाळचे दहा ते दोन एवढेच चार तास होते. ते चार तास गोळा करून कंपन्यांना द्यायचे, यासाठी दोघींनी शहरातल्या सदर भागात दुसऱ्या माळ्यावर एक खोली घेतली, तीन खुर्च्या आणल्या आणि संस्थेला नाव दिलं 'सवड'. दोन वर्षांत चाळीस कंपन्यांनी "कल्पना फार छान आहे" असं सांगितलं. नागपुरात याचा अर्थ 'या तुम्ही' असा होतो.

एक्केचाळिसावी कंपनी विमानतळापलीकडच्या मिहान उद्योगवसाहतीतली. परदेशातल्या विम्याचे अर्ज तपासण्याचं तिचं काम. तिथला मॅनेजर ऋषिकेश याने अठरा बाया घेतो म्हणून कबूल केलं होतं. सही शुक्रवारी. ऐनवेळी तोही नाही म्हणाला तर 'सवड' महिनाअखेर बंद करायची, हे दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत न बघता ठरवलेलं होतं. अठरा नावं निवडून झाली होती. अठरा घरांत पोरांच्या, सासवांच्या आणि कुकरच्या वेळा नव्याने बसवल्या जात होत्या.

तत्त्वाला जागून या दोघी स्वतःही अर्धवेळच काम करायच्या. वैभवी खरोखरच करायची. तिचं लेकरू चौदा महिन्यांचं होतं, आणि घड्याळात दोन वाजले की ती बोलता बोलता, कधी वाक्याच्या मधूनच, जिना उतरायची. वंदना मात्र सकाळी नऊला यायची आणि रात्री आठला जायची. दुसऱ्यांना अर्धवेळ काम मिळवून देणं हे पूर्णवेळाचं काम आहे, हे तिला जरा उशिरा कळलं. पण तिचं निभायचं. घरी सासूबाई होत्या.

वंदना स्वभावाने फार कृतज्ञ बाई. ऑटोवाल्याला थँक्यू, लिफ्टवाल्याला थँक्यू, "कल्पना छान आहे" म्हणणाऱ्या चाळीसही साहेबांना थँक्यू. घरात मात्र ती हा शब्द वापरत नसे. घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं की त्याला आपण कुठे परगावी निघालो की काय अशी शंका येते.

तर फ्लेक्स. सोमवारी शालिकरामभाऊंनी बोर्डाचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला. शालिकरामभाऊ जुने पेंटर, ब्रश सोडून आता मशीनवर आलेले. नमुन्यात त्यांनी 'आई' आणि 'साठी' हे दोन शब्द वेगवेगळे लिहिले होते. दुपारी एक वाजता वैभवीने त्यांना फोन केला. "भाऊ, आई साठी काय? लोकांना वाटेल साठ वर्षांची आई. ते साठी तिथून काढा आणि आईला चिकटवा." दोन वाजता ती घरी गेली. चार वाजता वंदनाने फोन केला. "भाऊ, काम म्हटलं की लोकांना धुणीभांडी वाटतात. काम काढा, नोकरी टाका." दोघींनी एकमेकींना काहीच सांगितलं नाही, कारण सकाळची बाई आणि दुपारची बाई यांच्यात निरोपाची एक वही असावी, हे त्या फक्त कंपन्यांनाच समजावून सांगत असत.

मंगळवारी सकाळी वंदना रस्त्यावर उभी राहून वर बघत होती. वर, दुसऱ्या माळ्याच्या बाहेर, लोखंडी चौकटीत पक्का ठोकलेला बोर्ड झळकत होता.

अर्धवेळ आई मिळेल.
सकाळी १० ते दुपारी २.

खाली फोन नंबर होता. तो बरोबर होता.

"भाऊ, हे काय केलं तुम्ही?"

"काय झालं मॅडम?" शालिकरामभाऊ शिडी खांद्यावर घेत म्हणाले. "तुमी दोघींनीही काढाच म्हनलं. एकीनं साठी काढलं, दुसरीनं काम काढलं. टाका म्हनलं अशीन, तवा मशीन चालू होती."

"अहो, पण वाचून तर पाहायचं!"

"वाचलं ना. 'आई अर्धवेळ मिळेल' हे काही बराबर दिसे ना. मंग म्या मोठा शब्द समोर घेतला. शोभा आली."

"पण अर्थ, भाऊ? अर्थ काय झाला त्याचा?"

"आता मॅडम, शहरात काय काय मिळून राहिलं. किरायानं नवरदेवाची घोडी मिळते, वऱ्हाडी मिळतात. आपल्याले काय मालूम." मग त्यांनी शिडी टेम्पोत टाकली. "बदलवून देतो ना, फुकट देतो. पन आता डायरेक्ट रविवारी. कुहीले भाचीचं लगन हाये."

"थँक्यू भाऊ," वंदना म्हणाली. सवयच तशी होती.

पहिला फोन साडेदहाला आला. गणपतराव म्हणून कुणी निवृत्त गृहस्थ होते. "माह्या पोराले पाहिजे," ते म्हणाले.

"किती वर्षांचा आहे?"

"छत्तीसचा. बायको गेली तवापासून त्याले घरात बोलनारंच कोनी नाई. माह्यं तो ऐकत नाई. कोनी रोज तासभर येऊन त्याले बोलून गेलं पाहिजे. लगन काहून करत नाई, शर्ट काहून इस्त्री करत नाई, असं. स्वयंपाक नोको."

वंदनाने त्यांना नम्रपणे समजावलं आणि फोन केल्याबद्दल आभार मानले. मग होस्टेलची पाच पोरं मिळून बोलली. त्यांना डबा नको होता, डबा लावलेला होता. जेवताना समोर बसून 'अजून एक घे' म्हणणारं कुणी पाहिजे होतं. त्यानंतर एका बाईचा फोन आला. मागून दोन पोरांच्या मारामारीचा आवाज येत होता. "मॅडम, मले आई नाई पाहिजे. मीच आई हाये. मले अर्धी व्हायचं हाये. ते कसं करून देता तुमी?"

"ही!" वंदना फोनवर हात ठेवून ओरडली. "वैभवी, ही आपलीच आहे!" बोर्ड बरोबर समजलेली ती एकटीच निघाली. तिचं नाव लिहून घेतलं.

बुधवारी वैभवीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून 'आई'वर चार्टपेपर चिकटवला. बोर्ड आता 'अर्धवेळ मिळेल' असा झाला. तासाभरात खालचे कापडवाले भैयाजी वर आले. "मॅडम, एक विचारू का? अर्धा वेळ तुमच्याकडे मिळते, हे ठीक हाये. बाकीचा अर्धा कोनाकडे गेला?" वैभवीने पेपर काढून घेतला. बोर्ड गैर आहे की भैयाजी, याचा निर्णय झाला नाही, पण दुसरा फ्लेक्सवाला शोधायचा हे नक्की झालं.

दोघी निघणार तेवढ्यात पुष्पलताबाई जिना चढून आल्या. या वंदनाच्या सासूबाई. वय सहासष्ट. एका हातात वंदनाचा घरी राहिलेला डबा, दुसऱ्या हातात सहा वर्षांची रितिका. तिच्या शाळेला दोन दिवस सुट्टी होती.

"तुहा डबा तसाच राह्यला वं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उपाशी राहून कोनाचं भलं करतं तू?"

"आई, बरं झालं तुम्ही आल्या. अर्धा तास इथला फोन पाहता का? आम्ही येतोच. कोणी फोन केला तर नाव लिहून घ्या, काय पाहिजे ते विचारा. अन् कोणाला नाही म्हणू नका. एकेक गिऱ्हाईक महत्त्वाचं आहे."

"नाई म्हनत. खालून बोर्ड वाचला म्या. समजलं सारं."

या शेवटच्या वाक्यावर वंदनाने थांबायला हवं होतं. पण ती तेव्हा पहिल्या माळ्यापर्यंत पोचली होती.

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. तीन फ्लेक्सवाल्यांनी शनिवार सांगितला, चौथ्याने 'साठी' वेगळं लिहावं की जोडून यावर वाद घातला. वंदना एकटीच परतली, वैभवीचे दोन वाजून गेले होते. पुष्पलताबाईंनी वही बंद करून टेबलाच्या मधोमध ठेवली होती. "सारं निपटवलं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वंदनाने पूर्वी न पाहिलेलं काहीतरी होतं. ते काय असावं याचा विचार करायला तिला सवड नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेदहाला जयवंता आली. अठरा जणींच्या यादीत हिचं नाव पहिलं. एम.कॉम., पाच वर्षं बँकेच्या कामाचा अनुभव, मग जुळी पोरं, मग चार वर्षं काहीच नाही. अंगात नवा कुर्ता होता.

"ताई, उद्याचं पक्कं ना? नाही म्हणजे, म्या पोरांचं पाळणाघर पाहून ठेवलं. सासऱ्यांना सांगून दिलं. ते म्हणाले, चार तासांची नोकरी काय नोकरी असते? म्या म्हटलं, चार तासांची बायको चालते का विचारा तुमच्या पोराला, मग सांगतो."

"पक्कं म्हणजे अगदी पक्कं," वंदना म्हणाली, आणि कालचे फोन बघावेत म्हणून तिने वही उघडली.

सासूबाईंचं अक्षर मोठं आणि ठाम होतं. मंगळवारी समजावून परतवलेल्यांनी बुधवारी पुन्हा फोन केलेला दिसत होता. 'गणपतराव. पोट्टा ३६. सोमवारी जाऊन पाहू. पोट्ट्यात खोट नाही, बापच कटकट्या आहे.' 'होस्टेल. ५ पोट्टे. एकाला खोकला आहे. हळद-दूध सांगितलं.' अशा सात नोंदी. आठवी अशी होती: 'मिहान. ऋषिकेश. अठरा मागितल्या. एक सांगितली.'

वंदनाने ती ओळ तीनदा वाचली. मग वैभवीने वाचली. मग जयवंताने दोघींच्या खांद्यांवरून वाचली. ऑफिसच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड व्हायची. वैभवीने बटण दाबलं.

"हॅलो, मी मिहानमधून ऋषिकेश बोलतोय. आपलं अठरा मदर्सचं ठरलं होतं, दहा ते दोन. कन्फर्म करायला फोन केला."

"अठरा?"

"हो, अठरा."

"अठरा आया! कायले गा बाबू एवढ्या? कृष्णाले सुद्धा दोनच होत्या."



"नाही, ते आमच्या गरजेप्रमाणे..." ऋषिकेशचा आवाज खाली आला होता.

"पोट्टे किती हाये तुह्याकडे?"

"पोट्टे? म्हणजे स्टाफ? एकशे चाळीस."

"जेवन?"

"कॅन्टीन आहे ना."

"मंग आईले फक्त पाहाचंच काम राह्यलं. एक बस झाली. अठरा बाया एका जागी आल्या तं पोट्टे राहतीन बाजूले, त्याईचं भांडन सोडवाले एकोनिसावी लागन."

"म्हणजे तुमचं म्हणणं, आधी पायलट करून पाहावं?"

"पायलट कायले? साधा डायवर पाठव. उद्या दहा वाजता मीच येतो."

आणि मग त्यांनी त्याला घराचा पत्ता सांगितला, देवळाच्या खुणेसकट.

"ताई," जयवंता म्हणाली, "एक म्हणजे... त्या एकीत मी आहे का?"

वंदनाने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. जितेंद्र जलसंपदा खात्यात होता, आणि कुठलीही घटना वाहून गेल्यावरच त्याच्या लक्षात यायची.

"आई कुठे आहेत?"

"ऑफिसले गेली ना."

"कोणाच्या ऑफिसले?"

"म्हणजे? सकाळी पांढरी गाडी आली, डायवरनं दार उघडून दिलं. रितिकाले घेऊन गेली संगं. हिरवी साडी नेसून होती, लग्नातली. मले वाटलं तूच बोलावलं. मी म्हटलं, चला, घरच्या लोकांले पण नोकऱ्या लावून राहिली वंदना."

वंदना आणि जयवंता ऑटोने निघाल्या. वैभवी मागे राहिली, कारण आता फोन कुणाच्याही हाती द्यायचा नाही असा ठराव झाला होता. वर्धा रोडच्या प्रत्येक सिग्नलला वंदनाने मनातल्या मनात एकेक वाक्य तयार केलं. 'सर, गैरसमज झाला.' मग, 'सर, त्या आमच्या कुणी नाहीत.' विमानतळाच्या पुलापर्यंत ती 'सर, अठरा नाही तर निदान नऊ तरी' इथवर उतरली होती. नव्या कुर्त्याला अजून चिकटून राहिलेली किमतीची चिठ्ठी शेजारी बसलेली जयवंता नखाने हळूहळू काढत होती, आणि मध्येच थांबून परत दाबून बसवत होती. परत करायची वेळ आली तर असावी म्हणून. वंदनाने ते पाहिलं आणि बाहेर बघू लागली.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "किसको मिलना है?"

"ऋषिकेश सर."

"सर तो अभी नहीं मिलेंगे," तो आदराने म्हणाला. "माताजी के साथ बैठे हैं."

काचेच्या मोठ्या खोलीत लांबलचक टेबल होतं, आणि त्याच्या डोक्याशी, जिथे परदेशातून आलेले साहेब बसत असावेत, तिथे हिरव्या साडीत पुष्पलताबाई बसल्या होत्या. चाकाच्या खुर्चीवर रितिका गोल गोल फिरत होती. भोवती दहा-बारा पोरंपोरी उभी होती. ऋषिकेश शेजारी बसून लॅपटॉपवर भराभर काहीतरी टिपून घेत होता.

"सर," वंदना दारातूनच म्हणाली, "मी सगळं सांगते. गैरसमज..."

"मॅडम, या, या!" ऋषिकेश उठून उभाच राहिला. "तुमच्या सीनियर कन्सल्टंटनी कमाल केली."

वंदनाने मागे वळून पाहिलं. मागे जयवंता होती. तिनेही मागे वळून पाहिलं.

"आलीस वं?" पुष्पलताबाई म्हणाल्या. "बस तिकडे. पानी पे. या पोट्टीचं होऊ दे आधी. सांग वं प्रीती, परत सांग, म्हनजे यायलेही समजन."

प्रीती नावाची एक मुलगी पुढे आली. ती अर्ज तपासणाऱ्या विभागात होती. "मी सकाळी दहाला अर्ज उघडते काकू. दीड-दोनपर्यंत सगळे होतात."

"अन् मंग?"

"मग जेवण. मग मीटिंग."

"त्या मीटिंगीत काय करता तुमी?"

"सकाळी काय काय केलं ते सांगतो."

"कोनाले?"

"एकमेकांना."

"अन् ते झालं की?"

प्रीतीने ऋषिकेशकडे पाहिलं. ऋषिकेशने मान खाली घातली. "मग दुसऱ्या मीटिंगची वेळ ठरवतो," ती म्हणाली.

"पाहा," पुष्पलताबाई वंदनाकडे वळल्या. "सकायपासून पंधरा जनांले विचारलं. साऱ्याईचं काम दोन वाजेपर्यंत होऊन जाते. बाकी सातपर्यंत हे पोट्टे एकमेकाईच्या तोंडाकडे पाहून राहिले, अन् घरी गेले की थकलो म्हनून राहिले. म्या याले म्हनलं, बाबू, तुह्यं काम चार तासाचंच हाये. बाकीचा नुसता ठिय्या हाये."

"आमच्या सल्लागार कंपनीला हे शोधायला तीन महिने लागले होते," ऋषिकेश म्हणाला, "आणि त्यांनी उलटं सांगितलं होतं. मीटिंगा वाढवा म्हणून."

वंदनाने धीर केला. "पण सर, आमच्या अठरा जणींचं..."

"तेच म्हनतो मी," पुष्पलताबाईंनी तिला हाताने थांबवलं. "कालची चुकी माही नाई. यानं आया मागितल्या, म्हनून म्या एक म्हनलं. याले आया नव्हत्या पाहिजे. याले कामाच्या बाया पाहिजे होत्या. तसं सांगाचं नाई का मानसानं? कामाले तं अठराच लागतीन. म्या खुर्च्या मोजल्या." त्या ऋषिकेशकडे वळल्या. "अन् एक ध्यानात ठेव गा. जिले दोन वाजता पोरगं घ्याले जायचं राह्यते, ते बाई पावने दोनले काम संपवते. तिले तुह्या मीटिंगीत गोडी नाई. ज्या मानसाले घरी जाची घाई नाई, त्याच्यावर कंपनी चालवू नोको."

दोन वर्षांत वंदनाने चाळीस कंपन्यांमध्ये हेच सांगितलं होतं. बावीस रंगीत स्लाइड होत्या तिच्याकडे, त्यांत तीन आलेख होते. बावीस स्लाइडमध्ये हे एक वाक्य कुठे नव्हतं.

ऋषिकेशने तिथल्या तिथे सही केली. शुक्रवारची वाटसुद्धा पाहिली नाही. अठराच्या अठरा, दहा ते दोन, सोमवारपासून. जयवंताने कागदावर स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं. मग तिने कुर्त्याची चिठ्ठी एका झटक्यात ओढून काढली, आणि पुष्पलताबाईंच्या पाया पडायला वाकली.

"राहू दे, राहू दे," त्या म्हणाल्या. "सकायी काय खाऊन आलीस?"

जयवंताने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि तिला हे विचारणारं चार वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुष्पलताबाईंनी पिशवीतून शेवचिवड्याची पुडी काढली.

"मॅडम, आणखी एक विनंती होती," ऋषिकेश म्हणाला. "काकू आम्हाला रोज पाहिजेत. दहा ते दोन. आज यांनी दोन जणांना घरी फोन करायला लावले, एकाचा राजीनामा फाडला, आणि माझ्या मॅनेजरला सगळ्यांसमोर शर्ट खोचायला लावला. तो माझं ऐकत नव्हता."

"पण सर, त्यांचं पद काय दाखवणार तुम्ही?"

"ते झालं. कॉम्प्युटरमध्ये नाव टाकताना पद विचारलं, तर काकूंनीच सांगितलं. तुमच्या बोर्डावर जे आहे तेच." त्याने लॅपटॉप फिरवून दाखवला. गभणे पुष्पलता, अर्धवेळ आई.

कंपनीचीच पांढरी गाडी त्यांना सोडायला निघाली. जयवंता पुढे बसून सासऱ्यांना फोनवर वेळ, पत्ता आणि गाडीचा रंग सांगत होती. रितिका चिवडा खाता खाता झोपली होती. गेल्या दोन वर्षांत आपण कुणाकुणाचे आभार मानले ते वंदनाला आठवत होतं. जागेच्या मालकाचे मानले. इंटरनेटवाल्याचे मानले. महिला दिनाच्या भाषणात जितेंद्रचे मानले होते, 'त्यांनी मला कधी अडवलं नाही' म्हणून, आणि टाळ्या पडल्या होत्या. ती सकाळी नऊला निघायची तेव्हा रितिकाची वेणी घालणारी, आणि रात्री आठला यायची तेव्हा भाकरी गरम ठेवणारी बाई त्या भाषणाच्या दिवशीही घरीच होती. रितिकाला सांभाळायला कुणीतरी लागणारच होतं.

"आई," ती म्हणाली. "थँक्यू."

पुष्पलताबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कपाळावर हात ठेवला. "काहून वं? ताप आला का?"

"नाही. असंच. तुम्ही नसत्या तर हे काहीच झालं नसतं. आजचंच नाही. दोन वर्षांचं."

"हाव तं," त्या म्हणाल्या. नम्रतेचं वळण त्या घराण्यात नव्हतं. मग खिडकीबाहेर बघत, जरा हळू आवाजात म्हणाल्या, "म्या कालच तुले सांगनार होतो. त्या खुर्चीवर बसलो ना तुह्या ऑफिसात, अन् फोन वाजला, अन् समोरचा म्हने, मॅडम आहेत का? म्या इकडे तिकडे पाह्यलं. मंग म्हनलं, बोलून राहिलो ना. सहासष्ट वर्षांत मले कोनी मॅडम नव्हतं म्हनलं वं."

वंदनाने त्यांचा हात धरला. गाडी वर्धा रोडवरून चालली होती, सगळे सिग्नल हिरवे मिळत होते, आणि आयुष्यात प्रथमच तिला मनापासून, काही हातचं न राखता कृतज्ञ वाटत होतं.

"तं सोमवारपासून मी दहा ते दोन," पुष्पलताबाई म्हणाल्या. "ते गाडी साडेनवालेच येईन."

"हो आई."

"अन् दोनले आलो की मी झोपतो. नोकरीवाल्या बाईले आराम लागते."

"हो आई," वंदना म्हणाली, आणि झोपलेल्या रितिकाला शाळेतून आल्यावर आता कोण घेणार याचा हिशेब करू लागली.

सोमवारी अठरा जणी मिहानला पोचल्या. पहिल्या आठवड्यातच ऋषिकेशने दुपारच्या मीटिंगा बंद केल्या, दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन कंपन्यांचे फोन आले, आणि तिथेही आधी काकूंना पाठवा अशी मागणी होती. शालिकरामभाऊंनी कुहीहून येऊन बोर्ड फुकट बदलून दिला. 'साठी' आईला चिकटलेलं होतं, 'नोकरी'ही होती. वंदनाने त्यांचे आभार मानले. गणपतरावांच्या पोराने शर्टाला इस्त्री करायला सुरुवात केल्याचं कळलं.

पुढे शहरातल्या एका मोठ्या महिला संघटनेने वंदनाचा सत्कार ठरवला. 'मातांच्या अर्धवेळ कामाचा आदर्श' असा विषय होता, शाल-श्रीफळ होतं, आणि समारंभाची वेळ दुपारी बारा ते दोन होती. वंदनाने फार मनापासून आभाराचं पत्र लिहिलं आणि येता येणार नाही असं कळवलं.

रितिकाच्या शाळेची बस बारा वाजून दहा मिनिटांनी येते.